उभी रेघ

गायधनींच्या मशीनवर सगळं चालायचं.
चार वर्षं चाललं,
कारण त्याआधी कधीतरी त्यांनी हातानंच
बिल्ड नावाचा फोल्डर केला होता
आणि विसरून गेले होते.

परवा सुफियान रुजू झाला. ओझरहून येतो.
लॅपटॉपवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही.
त्यानं कोड उतरवून घेतला, मेक म्हटलं,
आणि पहिल्याच फाइलीला कंपायलर थबकला:
अशी जागाच नाही.
गिट रिकामं काही सांभाळत नाही.
पोरगा माझ्याकडे बघतो तो असा,
जणू पहिल्याच दिवशी त्याच्या हातून कप फुटला.

आम्ही अंबडला. खाली लेथ, वर आम्ही.
द्राक्षांच्या शीतगृहांचे कंट्रोलर बनवतो,
शून्य अंशाची राखण करणारा कोड,
आणि आमच्या खोलीतला पंखा तेवढा दोनवरच फिरतो.

मी नियमात एक ओळ घातली: आधी फोल्डर कर.
एकदा केला.
दुसऱ्यांदा तीच ओळ अडली. आहे की आधीच!
आणि मेक तिथंच बसकण मारून.
मग लिहिलं, नसेल तरच कर.
शहाणपण वाटलं ते. संध्याकाळपर्यंत टिकलं.
आठ कामं एकदम सोडली तेव्हा
दोघांनी एकाच क्षणी डोकावलं,
दोघांनाही दिसलं, नाही.
दोघंही धावले. एकानं केला.
दुसरा त्या दारावर आपटला
जे त्यानं पाहिलं तेव्हा नव्हतं.
सहा वेळा हिरवं, सातव्यांदा लाल,
आणि पुन्हा चालवलं की जसं काही झालंच नाही.

चाचण्यांच्या नियमापाशी गायधनींची टीप सापडली:
"इथे दोन सेकंद थांबावे. कारण कळलेले नाही. हात लावू नये."

आई दिंडोरीच्या पॅकहाउसात, अठरावा हंगाम.
क्रेट पुढ्यात आला की ती विचारत नाही
कागद घातलाय का गं कुणी.
आत हात फिरवते.
असला तर हात पुढे जातो, नसला तर कागद.
ओरडा नाही, हाका नाही.
एमकेडिरच्या पुढचं डॅश पी म्हणजे एवढंच.
तिला हे सांगितलं तर म्हणेल,
यासाठी पगार देतात तुला?

सुफियान म्हणाला, मॅडम, फोल्डरच अटींमध्ये लिहू ना,
बाकी सगळ्यांसारखा.
लिहिला.
आत एक फाइल पडली, फोल्डरची वेळ बदलली.
आधीच्या फायलींना वाटलं, हा आपल्याहून नवा,
आपण शिळ्या.
एक अक्षर न बदलता
एकशे बारा फायली पुन्हा पहिल्यापासून.
क्रेटमध्ये नवा घड ठेवला
म्हणून आधीचे घड परत वेलीवरून तोडायला
कोण जातं?

एंटरच्या वरची ती कळ.
इतकी वर्षं तिथं आहे, धूळ बसलेली.
उभी रेघ.
तिच्या डावीकडे ते, ज्यांचं वय विचारायचं:
बदललास का, कधी, किती वाजता.
उजवीकडे ते, ज्यांनी फक्त असायचं.
फोल्डर मी उजवीकडे नेऊन ठेवला.
त्याच्यात काय पडतं, काय निघतं,
त्यावरून आता कुणी काही ठरवणार नाही.

साडेदहा. सगळं पुसलं. आठ कामं सोडली.
पुन्हा पुसलं. पुन्हा सोडली.
वीस वेळा.
एकविसाव्यांदा न पुसताच मेक म्हटलं
आणि ते म्हणालं, करण्यासारखं काही नाही.
सुफियान हसला. त्याची शेवटची बस गेली होती.

घरी जाताना गायधनींना फोन केला.
मागे बातम्या चालू होत्या.
"चालतंय ना?"
चालतंय, म्हटलं.
"मग हात लावू नकोस."

दोन सेकंद मी तेव्हाच काढून टाकले होते.
टीप राहू दिली.